नवी पेठेतलं जिन्याखालचं झेरॉक्सचं दुकान : पेपरच्या आदल्या रात्रीसाठी ४.५ स्टार

पुण्यात शास्त्री रोडवरून नवी पेठेत आत वळलं की एका अभ्यासिकेच्या जिन्याखाली हे दुकान आहे. पाटीवर नाव नाही, नुसतं 'झेरॉक्स, कलर प्रिंट, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो' एवढंच लिहिलंय, त्यामुळं सगळी पोरं त्याला जिन्याखालचं दुकानच म्हणतात. एरवी रात्री साडेनऊला शटर खाली येतं. पण दुसऱ्या दिवशी आयोगाचा, म्हणजे एमपीएससीचा, पेपर असेल तर शटरशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं, 'उद्या पेपर, आज १२ पर्यंत चालू', आणि मला जे सांगायचंय ते त्या रात्रीबद्दलच आहे. बाकीच्या दिवशी पण दुकान चांगलंच आहे, पण नवी पेठेत चांगली झेरॉक्सची दुकानं पावलापावलावर आहेत. पेपरच्या आदल्या रात्री मात्र याच्या तोडीचं दुसरं मी तरी बघितलेलं नाही.

आधी साध्या गोष्टी सांगून टाकते. झेरॉक्स एका बाजूला दीड रुपया, पाठपोट काढली तर दोन, कलर प्रिंट दहा, पासपोर्ट फोटोच्या आठ कॉप्या साठ रुपयांत आणि पाच मिनिटांत. दर आसपासच्या दुकानांसारखेच, कुठं एखादा रुपया कमीजास्त. काका मशीनवर असतात, काकू गल्ल्यावर, गर्दीच्या रात्री त्यांचा मुलगा कॉम्प्युटरवर बसतो. प्रिंटसाठी पीडीएफ त्यांच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करावी लागते, आता आपलं आधार कार्ड कुणाच्याही कॉम्प्युटरवर पडून राहणं बरोबर नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत कुणीच विचार करत नाही, पण इथं प्रिंट हातात दिली की तो पोरगा स्क्रीन आपल्याकडं वळवून फाईल डिलीट करतो, रिसायकल बिनमधून सुद्धा, आपण न सांगता. ही सवय प्रत्येक झेरॉक्सवाल्याला लागली पाहिजे.

आता ती रात्र. ज्यांनी ती नवी पेठेत काढलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. राज्यसेवा पूर्व म्हणजे एकाच दिवसात दोन पेपर, सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न २०० मार्कांना, सीसॅटचे, म्हणजे आकलन-तर्क-गणिताच्या पेपरचे, ८० प्रश्न २०० मार्कांना, दोन्हीला दोन-दोन तास. सीसॅट आता क्वालिफाइंग आहे, ३३ टक्के पाहिजेत, म्हणजे मेन्सला, मुख्य परीक्षेला, जायचं का नाही ते सगळं पहिल्या पेपरवर ठरतं. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव मार्क कापतात, जीएसमध्ये, म्हणजे सामान्य अध्ययनात, एक प्रश्न चुकला की अर्धा मार्क गेला, आणि अर्ध्या-एक मार्कानं कटऑफ हुकलेली पोरं इथं प्रत्येक अभ्यासिकेत भेटतील. वर्षभर घरून पैसे येत असतात, कॉट बेसिसवर राहून मेसचा डबा खाऊन दिवस काढलेले असतात आणि शनिवारी संध्याकाळी घरून फोन येतो, झाला का गं सगळा अभ्यास, आणि आपण हो म्हणतो, दुसरं काय म्हणणार.

त्यानंतर रात्री जे चालू होतं त्याला अभ्यास म्हणता येत नाही. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती मला झोपेतून उठवून विचारली तरी येते, पंचायत राजची २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, नगरपालिकांची १ जून १९९३ ला, टेस्ट सिरीजमध्ये हा प्रश्न माझा कधी चुकला नाही. आणि तरी पेपरच्या आदल्या रात्री जिन्यात उभी राहून मी विचार करत होते की २४ एप्रिल ७३ वीची का ७४ वीची, मग वर जाऊन पुस्तक काढलं, बघितलं, बरोबर होतं, पुस्तक मिटलं, आणि चार पायऱ्या उतरते न उतरते तोवर परत तेच, आपण बघितलं ते नीट बघितलं का. मग वाटलं ग्रामसभेचं कलम २४३ ए आहे का बी. मग सीसॅटचं टेन्शन, जो पेपर इतके दिवस सोपा जात होता तोच उद्या अडकवणार असं वाटायला लागलं. अभ्यासिकेत मान वर करून बघितलं तर निम्मी पोरं हेच करत होती, पानं पुढंमागं करायची, एकमेकांना मेसेज करायचे, अरे हे काय रे नक्की, आणि समोरच्याला पक्कं येत असलं तरी आपण विचारल्यामुळं तो पण डळमळीत व्हायचा. एका शंकेनं अख्खी रांग हलते.

अशा वेळी माणूस खाली उतरतो आणि काहीतरी विकत घ्यायला दुकानात जातो. गरज असते म्हणून जात नाही. आधारच्या दोन झेरॉक्स बॅगेत असताना तिसरी काढायला जातो, पेन तीन असताना चौथं घ्यायला जातो. हातात काहीतरी पक्कं पाहिजे असतं. मी बाकीच्या दुकानांतून बघितलंय, या रात्री धंदा जोरात असतो आणि सगळ्यात जास्त खपतं ते म्हणजे 'संभाव्य प्रश्न', 'शेवटच्या क्षणाचे चालू घडामोडी', 'हमखास १०००', कुणीतरी टेलिग्रामवर टाकलेल्या पीडीएफच्या जाडजूड प्रिंटा. घाबरलेला माणूस त्या रात्री काहीही विकत घेतो, आणि ते सगळ्या दुकानदारांना माहीत असतं.

जिन्याखालचे काका ते काढून देत नाहीत. सरळ नाही म्हणतात. ही त्यांची पद्धत मी माझ्या डोळ्यांसमोर बघितली म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. रात्रीचे दहा वाजले असतील, माझ्या पुढं एक मुलगा होता, नवीन असावा, त्यानं मोबाईल पुढं केला, काका एवढं काढून द्या. काकांनी पानं बघितली.

'दोनशे ऐंशी पानं आहेत बाळा.'

'हो काका, यातलेच येतात म्हणतात सगळे.'

'हे आज नाही मिळणार. उद्या पेपर झाल्यावर ये, निम्म्या पैशात काढून देतो.'

'वाचणार नाही हो मी सगळं, नुसती नजर टाकतो.'

'आत्ता दहा वाजलेत. नजर टाकायला लागलास तर दीडला झोपशील आणि त्यातलं जे येत नाही तेवढंच डोक्यात घेऊन उद्या बसशील. जा, मी नाही काढत.'

मुलगा चिडला, पैसे देतोय ना मी म्हणाला आणि निघून गेला. दुसरीकडं काढली का नाही ते माहीत नाही, काढलीच असेल. काकू मागून म्हणाल्या, घाबरलंय हो पोरगं, जरा नीट सांगायचं. काका म्हणाले नीटच सांगितलं की. रांगेतलं कुणी काही बोललं नाही, पण माझ्या मागं उभ्या असलेल्या दोघीतिघींनी हळूच मोबाईल खिशात ठेवले ते मी बघितलं.

मग त्याच रांगेत एका मुलीनं वहीची पानं पुढं केली, स्वतःच्या अक्षरातली, सातआठ पानं, चौकटी काढलेल्या, बाण मारलेले, मार्जिनमध्ये लाल पेननं काहीबाही. तिला ती छोटी करून एकाच कागदावर पाहिजे होती. ती काकांनी लगेच काढून दिली, दोनदा सेटिंग बदलून, आणि पैसे एकाच पानाचे घेतले. मी विचारलं काका हे चालतं का मग. तर म्हणाले, 'स्वतःच्या अक्षरातलं असलं की चालतं. ते वाचून आपल्याला आठवतं. दुसऱ्याचं टाईप केलेलं वाचून आपल्याला काय काय येत नाही ते कळतं, ते आज कळून काय करायचंय.' इतकी वर्षं या गल्लीत झेरॉक्स काढणाऱ्या माणसानं केलेला हा नियम मला कुठल्याही क्लासच्या लास्ट मिनिट टिप्सपेक्षा जास्त पटला.

कारण माझ्या मते त्या रात्रीच्या शंकेची गंमत अशी आहे, गंमत नाही, दुखणंच आहे ते, की तिच्यात नवीन काहीच नसतं. सकाळी अभ्यास करताना शंका आली तर तिच्यामागं काहीतरी कारण असतं, दोन पुस्तकांत दोन वेगळे आकडे सापडलेले असतात, एखादं कलम आपण खरंच अर्धवट वाचलेलं असतं. रात्री दहानंतर जी शंका येते तिला कारण नसतं, ती फक्त 'पण नक्की का?' एवढंच विचारते, आणि तिला उत्तर दिलं की ती पुढच्या विषयावर जाऊन परत तेच विचारते. तिला नवीन नोट्स दिल्या तर ती अजून वाढते. काका तिला खायलाच घालत नाहीत.

मग ते देतात काय, तर ज्या गोष्टी तपासून संपतात त्या. प्रवेशपत्राची प्रिंट काढली की ते हातात देत नाहीत, आधी मोठ्यानं वाचतात, नाव, बैठक क्रमांक, केंद्राचं नाव, पूर्ण पत्ता. पुण्यात हे फार महत्त्वाचं आहे, एकाच संस्थेची चार-चार ठिकाणी शाळा-कॉलेजं असतात, नाव तेच, एक कर्वे रोडला आणि दुसरं पार हडपसरला. बाहेरून आलेली पोरं नाव वाचतात आणि पत्ता वाचत नाहीत. काका विचारतात, बघून आलास का सेंटर? नाही म्हणलं की कुठली बस, कुठून, मेट्रोनं जमतंय का ते सांगतात. पिंपरी-चिंचवडकडं सेंटर असलं तर आता मंडईहून मेट्रो आहे, सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत लाईन चालू झाली तेव्हापासून, सकाळी ६ पासून मिळते, हे त्यांनी मला सांगितलं आणि माझ्या डोक्यातला एक मोठा दगड तिथंच उतरला कारण रविवारी सकाळी रिक्षा मिळेल का हाच विचार मी संध्याकाळपासून करत होते. मग ओळखपत्र, ओरिजिनल आणि त्याची झेरॉक्स, दोन्ही लागतं, नुसती झेरॉक्स चालत नाही. मग पेन, काळ्या शाईचं बॉल पेन, जेल नाही. हे सगळं एका पारदर्शक पाऊचमध्ये घालून ते पाऊच बंद करून देतात आणि म्हणतात, आता हे उद्या सेंटरच्या गेटवर उघडायचं, तोपर्यंत नाही. वीस रुपयांचं पाऊच आहे. पण मी त्या रात्री पाऊच उघडून बघितलं नाही, आणि आमच्या रूमवर एकीनं स्वतःची बॅग इतक्या वेळा उपसली की शेवटी प्रवेशपत्र गादीखाली सापडलं.

पेनाचं जरा सविस्तर सांगते कारण ते मला सगळ्यात जास्त आवडलं. काउंटरवर सरावाच्या ओएमआर शीटचा, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकांचा, एक गठ्ठा ठेवलेला असतो, कार्बनवाल्या नाहीत, साध्या झेरॉक्स. पेन घेतलं की काका ते असंच देत नाहीत, म्हणतात बस त्या स्टुलावर आणि दहा गोल भर. आपण भरतो. पहिला गोल भरताना हात थरथरतो, शाई बाहेर जाते, दुसरा बरा येतो, पाचव्या-सहाव्यापर्यंत हात आपोआप कडेकडेनं फिरून मध्ये भरायला लागतो. दहा झाले की ते शीट बघतात, पेन दाबून धरतोस, हलक्या हातानं भर, उद्या खालच्या कार्बन कॉपीवर उमटलं पाहिजे पण कागद फाटायला नको. मग दुसरं पेन देतात, हे जरा जाड चालतं, याच्यानं बघ. दोन तासांत शंभर प्रश्न म्हणजे गोल भरायला सुद्धा वेळ लागतो, हे त्यांना माहितीये. मी त्या स्टुलावर बसून गोल भरत असताना डोक्यात ना ७३ वी आली ना ७४ वी. काही विचारच आला नाही, फक्त गोल. दहाचे मी तीस भरले, काका काही बोलले नाहीत.

आणि पाठकोरे कागद. दुकानात खराब निघालेल्या प्रिंटा असतात, एका बाजूनं कोऱ्या, त्याचा गठ्ठा काकू दारात ठेवतात, कुणीही कितीही घ्या, पैसे नाहीत. मी एकदा दोनचार कागद उचलले आणि रूमवर जाऊन त्यावर जे जे वाटत होतं ते लिहून काढलं, नापास झाले तर काय, वय चाललंय, धाकट्या भावाचं कॉलेज, दादा काही बोलत नाही पण त्याच्या मनात काय असेल, सगळं. लिहिलं आणि फाडून टाकलं. नंतर वाचनात आलं की यावर चक्क प्रयोग झालेत, शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये 'सायन्स' या मासिकात छापलंय की ज्यांना परीक्षेचं जास्त टेन्शन येतं त्यांनी पेपरच्या अगदी आधी दहा मिनिटं आपली भीती कागदावर लिहून काढली तर त्यांचे मार्क वाढतात. डोक्यातली जी जागा प्रश्न सोडवायला लागते ती भीतीनं अडवलेली असते, लिहिली की मोकळी होते असं त्यांचं म्हणणं. पेपरच्या आधी सेंटरवर बसून लिहायला जमलं तर उत्तमच, मला आदल्या रात्री पण उपयोग झाला. काकूंना हे सगळं मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, घे ना मग अजून चार कागद.

आता अर्धा स्टार का कापला ते. काउंटरच्या मागं भिंतीवर स्केचपेननं लिहिलेला एक कागद लावलाय, 'पहिलं उत्तर तेच खरं. बदलू नका.' ही गोष्ट सगळीकडं सांगतात, क्लासमध्ये पण, घरी पण, आणि पोरं ती पेपरला जाताना मंत्रासारखी घेऊन जातात. मला ती मान्य नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १,५६१ विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासून कुणी कुठं उत्तर खोडून बदललंय ते मोजलं होतं, २००५ साली ते छापून आलं. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चूक होती ती बरोबर झाली, २५ टक्के बरोबर होती ती चुकली, बाकीची चुकीचीच राहिली. म्हणजे बदलणाऱ्यांचा फायदा दुपटीनं जास्त. आणि तरी त्या मुलांना विचारलं तर बहुतेकांना वाटत होतं की पहिलंच ठेवावं. कारण जे बरोबर असून आपण बदललं ते जन्मभर डाचतं, अरे हातात होतं आणि घालवलं, आणि जे चूक होतं ते बदलून बरोबर आलं ते दोन दिवसांत विसरून जातो. आपल्या गल्लीत पण चहाच्या टपरीवर 'मी बदललं आणि गेलं' हीच गोष्ट ऐकायला मिळते, 'मी बदललं आणि आलं' असं सांगायला कोण थांबतंय.

मी हे काकांना म्हणाले, वाद घालायला नाही, मला खरंच वाटत होतं म्हणून. ते म्हणाले, 'अगं मग पोरं सारखी बदलतच बसतील.' त्यांचं पण चूक नाही. आयोगाच्या ओएमआरवर बॉल पेननं एकदा गोल भरला की भरला, खोडता येत नाही, तिथं बदलायचा प्रश्नच नाही. बदलायचं असेल तर गोल भरायच्या आधी, प्रश्नपत्रिकेवर. माझं म्हणणं एवढंच की हॉलमध्ये प्रश्न परत वाचताना 'अयोग्य विधान ओळखा' हे आपण 'योग्य' वाचलं होतं असं लक्षात आलं, किंवा पुढच्या प्रश्नातून आधीच्या प्रश्नाचा धागा सापडला, तर बिनधास्त बदलावं, तिथं कारण आहे. कारण नसताना नुसतं पोटात कालवतंय म्हणून बदलायचं नाही. काका प्रिंटबाबत जो फरक करतात, स्वतःच्या अक्षरातलं आणि दुसऱ्याचं, तसाच फरक इथं पण करायला पाहिजे, आणि तो त्या भिंतीवरच्या कागदात नाही. तो कागद अजून तिथंच आहे. काढतील असं वाटत नाही.

दुसरी तक्रार जागेची. दुकान फार लहान आहे, आत चार माणसं उभी राहिली की पाचव्याला जिन्यावर थांबावं लागतं, आणि आदल्या रात्री जिन्यावर थांबणं म्हणजे आजूबाजूच्यांचं बोलणं ऐकणं, आणि ते बोलणं म्हणजे 'हे वाचलंस का, ते वाचलंस का'. कानात काहीतरी घालून जा नाहीतर मैत्रिणीला घेऊन जा आणि दुसऱ्याच विषयावर बोला. शेजारीच चहाची टपरी आहे, ती पण त्या रात्री उशिरापर्यंत चालू असते, रांगेत थांबलेली पोरं एकामागून एक चहा घेत असतात आणि मग रूमवर जाऊन म्हणतात झोपच येत नाही. चहाकॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग रक्तातून जायला साधारण पाच तास लागतात, साडेदहाला घेतलेला चहा रात्री तीनला पण निम्मा अंगात असतो. टपरीवाल्या मामांना दोष नाही, पण त्या रात्री मी तिथं फक्त पाण्याची बाटली घेते. आणि झोप झाली नाही तरी घाबरायचं कारण नाही, नुसतं अंधारात पडून राहिलं तरी दुसऱ्या दिवशीचे दोन पेपर निघतात, झोपेचंच टेन्शन घेऊन जागणाऱ्या पोरींना मी हे नेहमी सांगते.

ऑनलाइन पेमेंट आहे पण जिन्याखाली रेंज जाते, गर्दीत तर हमखास, सुट्टे पैसे ठेवा. फोटोची क्वालिटी ठीक आहे, चेहरा जरा गोरा करतात, नको असेल तर आधीच सांगा. स्पायरल बाईंडिंग इथं करू नका, वेळ लावतात.

अजून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२५ ची पूर्व परीक्षा २८ सप्टेंबरला होती. त्या आठवड्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आले, शेतं वाहून गेली, आणि परीक्षेला दोन दिवस राहिले असताना ती पुढं ढकलल्याची बातमी आली, मग ती ९ नोव्हेंबरला झाली. निर्णय बरोबरच होता, आमच्याकडची कितीतरी पोरं गावाला अडकली होती. पण जी इथं होती त्यांचं काय झालं ते सांगता येत नाही, सगळं अंग परीक्षेसाठी ताणून धरलेलं आणि एकदम सांगितलं की आता अजून सहा आठवडे. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं, बऱ्याच जणांचे घरी फोन लागत नव्हते. त्या संध्याकाळी फळ्यावर 'उद्या पेपर' लिहायचं काही कारण नव्हतं तरी काकांनी दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवलं. परभणी, बीड, धाराशिवकडची पोरं तिथं येऊन नुसती उभी राहत होती, काकूंनी चार्जरची वायर बाहेर काढून ठेवली होती, ज्याचा फोन लागला तो बाजूला होऊन बोलायचा. कुणीच काही विकत घेत नव्हतं. काकांनी एकदाही विचारलं नाही की काय पाहिजे. आमच्या घरचा फोन तिथूनच लागला, सोयाबीन गेलं होतं, माणसं बरी होती.

९ नोव्हेंबरच्या आदल्या रात्री परत रांग होती आणि ज्यांनी सप्टेंबरमध्ये पाऊच घेतलं होतं ते तेच पाऊच घेऊन आले होते, काकांनी प्रत्येकाचं उघडून परत सगळं तपासलं, पेन चालतंय का बघितलं, ज्याचं वाळलं होतं त्याला नवीन दिलं. पेनाचे पैसे घेतले, तपासायचे नाही.

पेपरच्या दिवशी दुकान संध्याकाळी चालू असतं पण तेव्हा शक्यतो जाऊ नका असं मी सांगेन, तिथं सगळे ओएमआरची कार्बन कॉपी काढून उत्तरं जुळवत बसलेले असतात, आयोगाची पहिली उत्तरतालिका यायच्या आधीच क्लासवाल्यांच्या चार तालिका आलेल्या असतात आणि चौघांची उत्तरं वेगवेगळी असतात. सीसॅटनंतर डोकं रिकामं झालेलं असतं, त्यात हे नको. आणि आयोगाच्या तालिकेवर सुद्धा हरकती जातात, प्रश्न रद्द होतात, अंतिम तालिका वेगळीच येते, तेव्हा त्या दिवशीच्या बेरजेला काही अर्थ नसतो.

जायचं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ सगळ्यात चांगली, गर्दी कमी असते आणि स्टुलावर निवांत बसून पेन बघता येतं. दहानंतर अर्धा तास धरून चला. प्रवेशपत्राची पीडीएफ आणि आधार आधीच मोबाईलमध्ये काढून ठेवा, रांगेत उभं राहून शोधत बसू नका, मागची पोरं आधीच टेन्शनमध्ये असतात. आणि जाडजूड पीडीएफ घेऊन गेलात तर काका नाही म्हणतील, तेव्हा चिडू नका. सोमवारी दुकान बंद असतं.